उपासना आणि न्याय

यहुदी पंचांगातील तिश्री महिन्याच्या दशमीस येणारा योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हा वर्षातील सर्वांत कडक व्रताचा दिवस होय. आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी अन्नपाणी वर्ज्य करून, चामड्याची पादत्राणे उतरवून सारा समाज प्रार्थनालयात जमतो आणि दुसऱ्या दिवशी आकाशात तारे दिसेपर्यंत, सुमारे पंचवीस तास, त्याच स्थितीत राहतो. या व्रताच्या ऐन मध्यावर, सकाळी तोरा या मूळ धर्मग्रंथाचे वाचन आटोपले की संदेष्ट्यांच्या ग्रंथांतून जो भाग वाचण्याचा दंडक शतकानुशतके चालत आला आहे, तो यशयाच्या ग्रंथातला असून त्यात ईश्वर उपवास करणाऱ्यांवरच कोपलेला आहे. व्रताच्या दिवशीसुद्धा तुम्ही आपला व्यवहार साधता, आपल्या मजुरांना राबवून घेता आणि वर मान खाली घालून नम्रतेचा देखावा करता; असला उपवास मला नको; पीडितांच्या मानेवरचे जू मोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे, निराश्रिताला घरात घेणे, याला मी उपवास म्हणतो, असा त्या भागाचा आशय आहे. आदल्या संध्याकाळपासून उपाशी असलेल्या माणसांना त्यांच्या निग्रहाबद्दल शाबासकी न देता असे खडसावण्याची तजवीज ज्या परंपरेने आपल्या उपासनेच्या आतच करून ठेवली, तिच्या धैर्याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

या वाचनाची निवड करणाऱ्या प्राचीन पंडितांपुढे दोन सोपे मार्ग मोकळे होते. व्रत कायम ठेवून ही अप्रिय वाणी वर्षातल्या एखाद्या साध्या आठवड्याकडे ढकलता आली असती; किंवा ती वाणी प्रमाण मानून व्रतच निरर्थक म्हणून मोडीत काढता आले असते. त्यांनी दोहोंपैकी काहीच केले नाही. उपवास करा, आणि उपवास चालू असतानाच हे ऐका, अशी त्यांची आज्ञा आहे. धर्मश्रद्धा, समाज आणि सामाजिक न्याय यांच्या परस्परसंबंधाविषयी यहुदी धर्माला जे सांगावयाचे आहे ते मला या एका योजनेत सामावलेले दिसते; आणि विसाव्या शतकात ही योजना स्वतःच्या आयुष्यात जशीच्या तशी अमलात आणणारा पुरुष म्हणून मी रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल यांच्याकडे पाहतो.

हेशेल यांचे वैशिष्ट्य ध्यानात येण्यासाठी त्यांच्या आधी शंभर-सव्वाशे वर्षे चाललेल्या सुधारणेच्या चळवळीकडे एकवार वळले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील यहुद्यांना नागरिकत्वाचे हक्क टप्प्याटप्प्याने मिळू लागले, तेव्हा जुन्या वस्तीच्या भिंतींबाहेर पडलेल्या सुशिक्षित यहुद्याला आपल्या धर्मातील टिकाऊ कोणते आणि तात्कालिक कोणते, हा प्रश्न भेडसावू लागला. हॅम्बुर्ग येथे 1818 साली उघडलेल्या नव्या प्रार्थनामंदिरात जर्मन भाषेतील प्रार्थना आणि प्रवचने यांना स्थान मिळाले. अब्राहम गायगर यांच्यासारख्या विद्वानांनी धर्मग्रंथांची ऐतिहासिक चिकित्सा केली. आणि हा प्रवाह अमेरिकेत पोहोचल्यावर 1885 साली पिट्सबर्ग येथे जमलेल्या रब्बींनी आठ कलमांचा एक जाहीरनामा काढला. खाद्याखाद्याचे आणि वेषभूषेचे नियम त्यात गतकालीन ठरविण्यात आले, नीतिनियम तेवढे बंधनकारक मानण्यात आले, आणि शेवटच्या कलमात श्रीमंती व दारिद्र्य यांच्या विषमतेतून उद्भवणारे प्रश्न न्यायाच्या पायावर सोडविण्यात भाग घेणे हे आपले कर्तव्य असल्याचे नमूद करण्यात आले.

या मार्गाची थोरवी कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. स्त्रीला रब्बीपदाची सनद मिळाली ती याच मार्गावर: प्रथम 1935 साली जर्मनीत रेगिना योनास यांना, ज्यांचा पुढे ऑश्विट्झच्या छळछावणीत अंत झाला, आणि त्यानंतर तब्बल सदतीस वर्षांनी अमेरिकेत सॅली प्रीसँड यांना. 1963 च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या त्या विराट सभेत मार्टिन लूथर किंग यांच्या अगोदर बोलावयास उभे राहिलेले रब्बी योआखिम प्रिन्झ हेही उदारमतवादी परंपरेचेच होते. हिटलरच्या बर्लिनमध्ये रब्बी म्हणून काम केलेल्या आणि तेथून हद्दपार झालेल्या या गृहस्थांनी त्या सभेत सांगितले की, द्वेषापेक्षाही अधिक लज्जास्पद गोष्ट म्हणजे सभोवारच्या सज्जनांचे मौन, हे आपण तेथे शिकलो. असे असूनही पिट्सबर्गच्या जाहीरनाम्यात एक कच्चा दुवा राहून गेला होता. जो नीतिधर्म कोणत्याही सुजाण नागरिकाला वर्तमानपत्राच्या अग्रलेखातूनही शिकता येतो, त्याच्यासाठी दहा माणसे गोळा करून प्रार्थनेला उभे राहण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न पुढच्या पिढीच्या मनात उभा राहणे अपरिहार्य होते. आचार गळून पडला की नीती हवेत राहते. तिला वेळापत्रक उरत नाही, आणि ज्या कर्तव्याला वेळ नेमलेली नाही ते कर्तव्य बहुधा उद्यावर जाते.

हेशेल यांचा जन्म 1907 साली वॉर्सा येथे हसिदी गुरुघराण्यात झाला. वंशपरंपरेने गुरुपदावर बसण्याचा त्यांचा रस्ता आखलेला होता. तो सोडून ते प्रथम विल्ना येथे आधुनिक शिक्षणासाठी आणि तेथून बर्लिनच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकावयास गेले. बर्लिनमधील एका संध्याकाळची हकीकत त्यांनी पुढे 1953 साली अमेरिकेतील सुधारणावादी रब्बींच्याच परिषदेत सांगितली, आणि ती त्या श्रोतृवर्गापुढे सांगितली यातच तिचे मर्म आहे. त्या महानगराच्या भव्य रस्त्यांतून, तेथील इमारतींचा डौल न्याहाळीत, विद्यापीठात ऐकलेल्या विचारांच्या धुंदीत ते चालले होते. एकाएकी सूर्य मावळल्याचे त्यांच्या ध्यानात आले, आणि सायंप्रार्थनेची वेळ झाली असताना आपल्याला तिचा पत्ताही नाही याची त्यांना शरम वाटली. मन प्रार्थनेला राजी नव्हते. परंतु वेळ झाली होती. प्रार्थनेची उत्कंठा दररोज संध्याकाळी आपोआप दाटून येईल अशी मनुष्याची घडण नाही, आणि म्हणूनच मन लागो वा न लागो, ठरलेल्या घटकेस त्याला हाक देणारा नियम हवा, असे त्यांचे म्हणणे होते. नियमाकडे ओझे म्हणून पाहण्याची सवय झालेल्या त्या रब्बींना नियम ही आपल्या विस्मरणशील स्वभावावर केलेली कृपा आहे असे सांगणारा हा पाहुणा, त्याच सुमारास, नियमनिष्ठ यहुद्यांना करुणाशून्य आचाराबद्दल तितक्याच कळकळीने धारेवर धरीत होता.

बर्लिनमध्ये त्यांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो संदेष्ट्यांचा. त्याची तोंडी परीक्षा 1933 च्या फेब्रुवारीत, हिटलरच्या हाती सत्ता गेल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत झाली. ग्रीक तत्त्वज्ञानाने घडविलेल्या विद्वानांचा ईश्वर हा निर्विकार, अचल, मानवी सुखदुःखांच्या पलीकडे असा असावयाचा. हेशेल यांना आमोस, यशया, यिर्मया यांच्या वाणीत नेमका याच्या उलट ईश्वर आढळला. तो व्याकूळ होतो, संतापतो, विधवेच्या आणि अनाथाच्या हलाखीने त्याला यातना होतात. आणि संदेष्टा म्हणजे भविष्य वर्तविणारा ज्योतिषी नसून ईश्वराची ही व्यथा स्वतःच्या अंतःकरणात सहन करणारा मनुष्य होय. बाजारातल्या एका खोट्या तराजूने आमोसाचे पित्त खवळते, याचे कारण त्याला लहान अन्याय आणि मोठा अन्याय असा फरक मुळी दिसतच नाही. हा प्रबंध 1936 साली क्राकोव्ह येथे ग्रंथरूपाने निघाला, आणि इंग्रजीत पुष्कळ वाढवून लिहिलेला त्याचा अवतार 1962 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. या दोन सालांच्या दरम्यान जे घडले त्याने या विचाराला पुस्तकी राहू दिले नाही. 1938 च्या ऑक्टोबरात पोलिश यहुद्यांची धरपकड करून जर्मन पोलिसांनी त्यांना सरहद्दीपार लोटले, त्यांत हेशेल होते. 1939 च्या उन्हाळ्यात, जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरण्यास काही आठवडे उरले असताना, ते वॉर्साहून लंडनला निसटले. त्यांची आई आणि तीन बहिणी मात्र वाचल्या नाहीत. सिनसिनाटी येथील सुधारणावादी धर्मविद्यालयाने त्यांना अमेरिकेत बोलावून घेतले आणि त्यांचे प्राण वाचविले. त्या विद्यालयाच्या भोजनगृहात धर्मशास्त्रोक्त अन्न शिजत नसे, म्हणून हा कृतज्ञ अध्यापक आपल्या खोलीतच आपल्यापुरते खाणे ठेवी. पाच वर्षांनी, 1945 साली, ते न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीत गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

शब्बाथावरचा, म्हणजे शनिवारच्या साप्ताहिक विश्रांतिदिनावरचा, त्यांचा छोटेखानी ग्रंथ 1951 साली निघाला. इतर संस्कृतींनी पवित्र स्थळे उभारली, यहुदी धर्माने पवित्र काळ उभारला, हे त्याचे प्रमेय आहे. जेरुसलेमचे मंदिर रोमन फौजेने सन 70 मध्ये जाळले. शब्बाथ जाळता आला नाही, कारण तो दगडांचा नव्हता. या प्रमेयाचा मला ठाऊक असलेला सर्वांत सबळ पुरावा युरोपात नाही, तो आमच्या पूर्वीच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यात आहे. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात जोडपी बचावली, अशी तेथल्या मराठी यहुद्यांची, म्हणजे बेने इस्रायलांची, परंपरा आहे. त्यांच्यापाशी ग्रंथ राहिला नाही, पंडित राहिला नाही, सिनेगॉग तर कित्येक शतके नव्हते; मुंबईस मांडवीत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले ते 1796 साली, कंपनीच्या फौजेतील अंमलदार सॅम्युअल दिवेकर यांनी बांधले तेव्हा. भाषा मराठी, पेहराव कोकणी, आडनावे गावांवरून पडलेली, धंदा तेल गाळण्याचा. आणि तरीही शनिवारी त्यांचा घाणा चालत नसे, एवढ्या एका खुणेवरून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. न फिरवलेला घाणा हेच त्यांचे सिनेगॉग होते.

आणि घाणा थांबतो म्हणजे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. अविरत, निष्फळ, डोळे झाकून करावयाच्या कष्टांना आपण घाण्याच्या बैलाची उपमा देतो. तोराच्या पाचव्या ग्रंथात शब्बाथाची आज्ञा ज्या शब्दांत आली आहे तीत घरधन्याबरोबर मुलगा, मुलगी, दास, दासी, वेशीच्या आत राहणारा परका आणि बैल व गाढव यांनाही विसाव्याचा हक्क दिला आहे, आणि कारण असे सांगितले आहे की, तूही एके काळी मिसर देशात गुलाम होतास. शुक्रवारी दिवस मावळताना कोकणातल्या त्या तेल्याच्या अंगणात बैलाच्या मानेवरून जू उतरत असेल आणि डोळ्यांवरची झापड निघत असेल, तेव्हा मालकाची उपासना आणि बैलाचा हक्क यांत कोणते पहिले आणि कोणते दुसरे, हे ठरविण्याची आवश्यकता कोणाला भासली असेल? पिट्सबर्गच्या रब्बींनी ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या केल्या, त्या येथे एकाच क्रियेत घडत होत्या. धर्मशास्त्रातील इतर किती तरी आज्ञांचे स्वरूप असेच आहे. शेताचा कोपरा कापावयाचा नाही, सांडलेली कणसे वेचावयाची नाहीत, ती गरिबाची आणि परक्याची. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावयाची आणि कर्जे सोडावयाची. बाराव्या शतकात मायमोनिडीझ याने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या आणि सर्वांत वरच्या पायरीवर भिक्षा ठेवली नाही. कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला स्वतःच्या पायांवर उभे करणे, हे त्याने श्रेष्ठ मानले.

अशा आज्ञांत वाढलेले हेशेल 1963 च्या जानेवारीत शिकागो येथे धर्म आणि वंश या विषयावरील परिषदेत बोलावयास उभे राहिले, तेव्हा त्यांना आपला विषय बाहेरून आणावा लागला नाही. या विषयावरची पहिली परिषद मोशे आणि फारो यांच्यात झाली आणि ती अजून संपलेली नाही, अशा अर्थाने त्यांनी आरंभ केला. किंग यांच्याशी त्यांचा स्नेह जडला तो तेथेच. त्याच वर्षी जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी धर्मोपदेशकांना भेटीस बोलाविले असता हेशेल यांनी त्यांना आधी एक तार धाडली. तीत राष्ट्राध्यक्षांनी देशात नैतिक आणीबाणी जाहीर करावी असे सुचविले, कृष्णवर्णीय बांधवांची मानहानी चालू आहे तोवर ईश्वराची पूजा करण्याचा आपला हक्कच बुडतो असे बजाविले, आणि सर्व पंथांच्या धर्मोपदेशकांकडून एक महिन्याचा पगार त्या बांधवांच्या घरांसाठी व शिक्षणासाठी मागावा अशी विनंती केली. या शेवटच्या मागणीकडे चरित्रकारांचे लक्ष फारसे रेंगाळत नाही. मला मात्र ती तारेतील सर्वांत यहुदी ओळ वाटते. भावना कितीही उदात्त असो, ती किती आणि केव्हापर्यंत, याचा आकडा ठरल्याशिवाय तिला आज्ञेचे रूप येत नाही.

अलाबामा संस्थानातील सेल्मा येथून माँटगोमेरीकडे निघालेल्या मोर्चाचे 21 मार्च 1965 चे छायाचित्र जगभर गेले आहे. मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या लोकांना दोन आठवड्यांपूर्वी सेल्माच्याच एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी लाठ्यांनी आणि अश्रुधुराने झोडपून परत लावले होते. छायाचित्रात पहिल्या रांगेत किंग आहेत, मुत्सद्दी राल्फ बंच आहेत, आणि त्याच रांगेत शुभ्र दाढीचे हेशेल आहेत. हवाई बेटांवरून आलेल्या फुलांच्या माळा सर्वांच्या गळ्यांत आहेत. परतल्यावर हेशेल यांनी लिहून ठेवले की, ओठ हलत नसतानाही त्या वाटेवर आपले पाय प्रार्थना करीत होते. हे वाक्य आता भिंतीवर लावण्याच्या सुभाषितासारखे सर्वत्र वापरले जाते, आणि त्याचा अर्थ बहुधा असा लावला जातो की, मोर्चात चालले म्हणजे प्रार्थनेची गरज उरत नाही. हेशेल यांच्या मनात असे काही असणे शक्य नव्हते. ज्याचे ओठ दिवसातून तीनदा प्रार्थनेने हलतात, त्यालाच आपल्या पायांची हालचाल प्रार्थना आहे हे ओळखता येते. ज्याने ती भाषा कधी बोललीच नाही त्याचे पाय चालतील, कदाचित अधिक वेगानेही चालतील, परंतु ते काय बोलत आहेत हे त्याला कळणार नाही.

व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध ते उभे राहिले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या समाजातून विरोध अधिक झाला. सरकारशी वैर पत्करल्यास त्याचा भुर्दंड यहुद्यांना आणि इस्रायलला पडेल, ही भीती उघड बोलून दाखविली जात होती, आणि ज्या समाजाने नुकतीच साठ लाख माणसे गमावली होती त्याची भीती तुच्छ मानण्याचा अधिकार कोणालाही नाही. हेशेल यांचे उत्तर त्यांच्या एका भेदावर आधारलेले होते: स्वतंत्र समाजात गुन्हेगार थोडे असतात, पण जबाबदारीतून कोणीही सुटत नाही. हा भेद त्यांनी तत्त्वज्ञानाच्या वर्गात शोधला नव्हता. योम किप्पूरच्या दिवशी पापांची जी कबुली म्हटली जाते ती सर्व बहुवचनी आहे. आम्ही चोरी केली, आम्ही खोटे बोललो, असे म्हणत ज्याने आयुष्यात कधी चोरी केलेली नाही असा वृद्धही आपल्या छातीवर मूठ आपटतो. पण त्याच दिवसाबद्दल मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेत असेही सांगितले आहे की, मनुष्याने ईश्वराविरुद्ध केलेल्या अपराधांचेच परिमार्जन हा दिवस करतो. शेजाऱ्याविरुद्ध केलेला अपराध शेजाऱ्याची समजूत घातल्याशिवाय धुतला जात नाही. प्रार्थनालयात सर्वांनी मिळून छाती पिटली तरी अखेर एकेकाला उठून कोणाच्या तरी दाराशी जावेच लागते.

हेशेल यांनाही सर्व दारे सारखीच दिसली असे मला म्हणवत नाही. 1967 च्या युद्धानंतर त्यांनी इस्रायलवर लिहिलेल्या ग्रंथात शतकांच्या विरहानंतरचा आनंद ओसंडून वाहतो. त्या आनंदाचे कारण ज्याने वॉर्सा गमावली आहे त्याला विचारण्याची गरज नाही. परंतु आमोसाच्या भाष्यकाराकडून त्याच भूमीतील अरबांच्या दुःखाला अधिक जागा मिळावयास हवी होती, असे तो ग्रंथ वाचताना मला वारंवार वाटले आहे. संदेष्ट्यांची वाणी परकीय राजांपेक्षा आपल्या घरच्यांवर अधिक कठोरपणे बरसली, हे त्यांनीच आम्हांला शिकविले.

घरच्यांचा हा प्रश्न बेने इस्रायलांच्या वाट्याला किती कटू रूपाने आला! कोकण आणि मुंबई सोडून हजारो माणसे नव्या राष्ट्रात गेली, आणि तेथील प्रधान रब्बींच्या मंडळाने, विवाहाची नोंद करण्यापूर्वी बेने इस्रायल वधूवरांच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असा हुकूम 1962 साली काढला. कोकणातले घटस्फोट आणि पुनर्विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील की नाही, ही त्यामागची शंका. ज्यांनी ग्रंथावाचून शब्बाथ राखला त्यांच्याकडे आता पणजीच्या लग्नाचा दाखला मागितला जात होता. 1964 च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थांनी यहुदीच आहेत असे घोषित केले, आणि हुकुमातील त्यांच्या जमातीचे नाव काढून टाकण्यात आले. सुधारणावादी रब्बींनी लावलेले विवाहही त्याच मंडळाच्या दप्तरात मान्य नव्हते; पिट्सबर्गचे वारस आणि नवगावचे वारस एकाच खिडकीशी ताटकळत होते. यांची गाठ पूर्वी एकदा मुंबईत पडलीही होती. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेताना क्लॉड माँटफिओरे यांच्या उदार धर्मविचाराने प्रभावित झालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी पुढाकार घेऊन 1925 साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन केली, ती बेने इस्रायलांमधील प्रागतिक उपासनेची सुरुवात. पुढे कामा रुग्णालयाचे प्रमुखपद सांभाळणाऱ्या या बाईंनी बाळंतिणींची सेवा आणि प्रार्थनेची सुधारणा या दोन गोष्टी आयुष्यभर एकाच हाताने केल्या.

तरीही अन्यायाचा बळी ठरलेला समाज त्यामुळेच निर्दोष ठरत नाही. मुंबईतील बगदादी यहुद्यांनी बेने इस्रायलांशी सोवळे पाळले, कबरस्तानात मध्ये भिंत घालण्याची परवानगीसुद्धा सरकारकडे मागितली. आणि ज्यांनी हा अपमान सोसला त्या बेने इस्रायलांतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन वर्ग होते, व गोरे काळ्यांशी बेटीव्यवहार करीत नसत. विसाव्या शतकात हा भेद हळूहळू मावळला. तो मुळात कोठून आला हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगावयाची गरज नाही.

याच समाजात मंगल प्रसंगी, किंवा नवस फेडताना, मलिदा करतात. परातीत भिजवलेले पोहे, साखर, किसलेले ओले खोबरे, सुका मेवा, भोवताली फळे मांडून एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, स्तवन होते. अलिबागेजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा दाखवितात. हा एलिया कोण? अहाब राजाला आपल्या वाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. वडिलार्जित जमीन आहे, विकणार नाही, असे नाबोथाने सांगितले. राणी ईजबेलने राजाच्या नावाने खलिते लिहिले, त्यांवर राजाची मोहर उमटविली, गावच्या वडीलधाऱ्यांकडे ते रवाना केले. दोन साक्षीदार उभे करण्यात आले, आरोप शाबीत झाला, नाबोथाला गावाबाहेर दगडांनी ठार करण्यात आले, आणि राजा मळ्याचा ताबा घ्यावयास गेला. कागदोपत्री कोठेही खोट नव्हती. एलिया त्याला गाठतो तो मळ्यात, आणि खून करून वर मालकीही मिळवलीस काय, असे तोंडावर विचारतो. धर्माने राजकारणात पडू नये, असे हेशेल यांना बजावणारे पुष्कळ होते; परंतु नाबोथाच्या मळ्याचा तंटा महसुली बाब म्हणून एलियाने सोडून दिला असता, तर रेवदंड्याच्या किंवा पनवेलच्या घरात पोह्यांच्या परातीपुढे त्याचे नाव घेण्यास कारण उरले नसते. जेरुसलेमात ठाण मांडून बसलेले कोकणी यहुदीही अशाच एका मोहरबंद, बिनचूक कागदाविरुद्ध उठले होते, आणि तो कागद या खेपेस त्यांच्याच धर्मगुरूंच्या सहीचा होता.